सहा आठवड्यांचा हिशेब

मेंदूतल्या सगळ्यांत उग्र गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतात. तिच्या उपचारांचा इतिहास लिहायचा तर एक तारीख ठळक करावी लागते : १० मार्च २००५. त्या दिवशी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध छापून आला. ८५ रुग्णालयं, ५७३ रुग्ण. ऑपरेशननंतर साधारण निम्म्या रुग्णांना रिवाजाप्रमाणे सहा आठवडे रेडिएशन दिलं. बाकीच्यांना तेच रेडिएशन, पण जोडीला रोज टेमोझोलोमाइड या औषधाची कॅप्सूल, आणि रेडिएशन संपल्यावर दर महिन्याला पाच दिवस तीच कॅप्सूल, अशा सहा फेऱ्या. नुसत्या रेडिएशनवाल्यांतले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या पुढं गेले होते. कॅप्सूल घेतलेल्यांत हाच टप्पा १४.६ महिन्यांवर सरकला.

अडीच महिने. एवढ्यावर जगभरची प्रमाणित उपचारपद्धत बदलली, हे वाचून कोणीही कपाळाला आठ्या घालील. पण त्याच निबंधात दुसरा आकडा आहे. दोन वर्षांनंतर जिवंत असलेले पहिल्या गटात शंभरातले १०.४ होते, दुसऱ्या गटात २६.५. पुढं २००९ मध्ये पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला : १.९ टक्के विरुद्ध ९.८ टक्के. आता रोग्याच्या घरच्यांनी यातला कोणता आकडा मनात धरायचा? बहुतेक वेळा डॉक्टरांच्या तोंडून ‘वर्ष-सव्वा वर्ष’ एवढंच बाहेर पडतं, आणि ऐकणारा ते मुदत ठरल्यासारखं ऐकतो. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा. रांगेच्या शेवटी कोण उभं आहे ते त्यातून कळत नाही, आणि तुमचा माणूस रांगेत कुठं आहे हे तर मुळीच नाही. शिवाय ही रांगही निवडक होती. त्या चाचणीत सत्तरीपुढचे रुग्ण नव्हते, अंथरुणाला खिळलेले नव्हते, आणि सहा आठवडे रोज रुग्णालयात येणं ज्यांना जमणारच नाही असेही फारसे नसणार.

सुरतेत बसून या विषयावर मराठीत पुस्तक करण्याचं कारण या शेवटच्या वाक्यात आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या आलेला खानदेश राहतो. नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, अमळनेर, पारोळा. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेनं जो मुलूख जोडला त्या मुलखातली माणसं इथं लूमवर, डाइंगमध्ये, रिंग रोडच्या मार्केटमध्ये कामाला आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, रुग्णालयातल्या कागदांवर इंग्रजी. अशा घरात एखाद्याला पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा आकडी येते, सीटी स्कॅनमध्ये ‘गाठ’ दिसते, आणि मग न्यू सिव्हिल, स्मीमेर, एखादं ट्रस्टचं किंवा खासगी रुग्णालय, नाहीतर थेट ‘टाटाला न्या’ हा सल्ला. यांपैकी प्रत्येक वाटेवर उपचार आहेत. ते कोणत्या क्रमानं, किती वेळात आणि अखेरपर्यंत होतात का, यावर त्या २६.५ टक्क्यांचं काय होणार ते ठरतं.

थोडं मागं जायला हवं. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदानं एका तरुणाच्या मेंदूतली ग्लिओमाची गाठ काढली. गाठ नेमकी कुठं आहे हे ॲलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरनं कवटी न उघडता, फक्त आकडीचं आणि हाताच्या लुळेपणाचं निरीक्षण करून सांगितलं होतं. गाठ तिथंच सापडली. रुग्ण महिन्याभरात जंतुसंसर्गानं दगावला. नव्या शतकात हार्वे कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू कमालीचे खाली आणले, आणि १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली यांच्याबरोबर ग्लिओमांचं पहिलं पद्धतशीर वर्गीकरण केलं. पेशी मूळच्या कोणत्या असाव्यात यावरून गाठीचं नाव, आणि नावावरून पुढचा अंदाज. ही पद्धत नव्वद वर्षं टिकली. दरम्यान वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांत मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढून पाहिला. तरी रोग पलीकडच्या बाजूला उगवला. ग्लिओमाच्या पेशी गाठीच्या कडेला थांबत नाहीत, त्या मज्जातंतूंच्या वाटांनी दूरवर पसरलेल्या असतात, हा धडा शल्यविशारदांना तेव्हाच मिळाला. तो पचवायला मात्र फार वेळ लागला.

पुढच्या घडामोडी भराभर सांगतो. १९६० च्या सुमारास डेक्सामेथासोन आलं; मेंदूची सूज उतरवणाऱ्या या स्वस्त स्टेरॉइडनं ऑपरेशन सुरक्षित केलं आणि बेशुद्धीकडं चाललेली माणसं दोन दिवसांत बोलायला लागली. १९७१ मध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदूचा सीटी स्कॅन काढला. भारतात १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी यांनी मेंदूशल्यक्रियेचा विभाग सुरू केला, पाठोपाठ मद्रासला बी. राममूर्ती, मुंबईत राम गिंडे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं होतंच. कॅन्सरसाठी मुंबई, हा आपल्या दोन्ही राज्यांतल्या माणसांच्या मनातला समज तेव्हापासूनचा.

रेडिएशनचा खरा पुरावा १९७८ मध्ये आला. अमेरिकेतल्या वॉकर आणि सहकाऱ्यांनी घातक ग्लिओमाच्या रुग्णांचे चार गट केले. ऑपरेशननंतर नुसती शुश्रूषा मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य १४ आठवडे निघालं, रेडिएशन मिळालेल्यांचं ३५ आठवडे. अडीच पटीनं वाढ! कारमुस्टीन या त्या वेळच्या औषधाची भर घालूनही मध्यक पुढं सरकला नाही. त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं हे शास्त्र त्याच जागी थबकलं होतं. म्हणून २००५ चे अडीच महिने तेव्हाच्या डॉक्टरांना केवढे वाटले असतील याची कल्पना करता येते. आणि म्हणूनच मी नव्या लोकांना नेहमी सांगतो की प्रमाणित उपचारातला सगळ्यांत मोठा वाटा अजूनही त्या जुन्या, कंटाळवाण्या ‘शेका’चा, म्हणजे रेडिएशनचा, आहे. कॅप्सूलची चर्चा फार होते, कारण ती विकत घ्यावी लागते.

टेमोझोलोमाइडची जन्मकथा मात्र वेधक आहे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटानं १९८० च्या दशकात हा रेणू घडवला. हे औषध तोंडावाटे घेता येतं आणि रक्तातून मेंदूत पोचतं. बहुतेक कर्करोगाच्या औषधांना मेंदूची वेस ओलांडता येत नाही. पेशीच्या डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला ते एक मिथिल गट चिकटवतं आणि पेशी विभागायला गेली की अडकते. पण पेशीजवळ एमजीएमटी नावाचं दुरुस्तीचं प्रथिन असतं, ते हा गट उपटून टाकतं. ज्या गाठीत हे प्रथिन बनवणारं जनुक मुळातच बंद पडलेलं असतं तिथं औषध बहरतं. मोनिका हेगी यांनी स्टुप यांच्याच रुग्णांच्या गाठी तपासल्या. जनुक बंद असलेल्यांत कॅप्सूल घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य २१.७ महिने होतं आणि दोन वर्षांनी ४६ टक्के जिवंत होते. जनुक चालू असलेल्यांत फायदा किरकोळ. म्हणजे मध्यकातले अडीच महिने हे दोन अगदी वेगळ्या कथांचं मिश्रण होतं : काहींना खूप मिळालं, काहींना जवळजवळ काहीच नाही.

इथून या क्षेत्राची विचारसरणी पालटली. पूर्वी तीन घराणी होती म्हणा. शल्यविशारद म्हणत, गाठ जितकी जास्त निघेल तितकं बरं. आणि त्यांच्या बाजूनं पुरावाही साचत गेला. जर्मनीतल्या स्टुमर यांनी २००६ मध्ये दाखवलं की ऑपरेशनआधी ५-एएलए हे द्रव्य प्यायला दिलं तर निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते, आणि पूर्ण गाठ निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर जातं. टाटामध्ये अलियासगर मोइयादी यांच्या गटानं ऑपरेशन चालू असताना वापरायच्या त्रिमितीय अल्ट्रासाउंडवर बरंच काम केलं आहे. ऑपरेशन थिएटरात एमआरआय बसवण्यापेक्षा ही वाट आपल्या खिशाला झेपणारी. रेडिएशनवाल्यांचं घराणं डोस, क्षेत्र आणि अचूकता यांत रमलेलं. औषधवाले नव्या रेणूंच्या मागं. या तिघांत वाद असत, अजूनही असतात. बाह्यरुग्ण विभागात एकाच फाईलवर तीन हस्ताक्षरांत तीन मतं पाहिलेल्या कुटुंबांना ते वेगळं सांगायला नको.

मग रेणूशास्त्राचं चौथं घराणं आलं आणि त्यानं रोगाची नावंच बदलली. २००८ मध्ये काही ग्लिओमांत आयडीएच१ या जनुकातला बदल सापडला. लवकरच कळलं की हा बदल असलेल्या गाठी आणि नसलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसल्या तरी मुळात वेगळे रोग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात जनुकांचा निकष आला आणि २०२१ च्या आवृत्तीत तर प्रौढांमधली आयडीएच-बदल असलेली कोणतीही गाठ ग्लिओब्लास्टोमा या नावाखाली ठेवायची नाही असं ठरलं. याचा एक चमत्कारिक परिणाम आकडे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवला पाहिजे. जास्त जगणारे रुग्ण त्या नावाखालून बाहेर काढले, तेव्हा उरलेल्या ग्लिओब्लास्टोमाची सरासरी आपोआप खाली आली. बाहेर काढलेले जिथं गेले तिथं ते त्या गटातले सगळ्यांत आजारी ठरले, त्यामुळं तिथलीही सरासरी खाली आली. कोणाचाही उपचार बिघडला नाही, कोणी एक दिवसही कमी जगलं नाही. उलट दिशेनंही असं होऊ शकतं. म्हणून ‘उपचार बदलल्यावर आयुष्य किती वाढलं’ या प्रश्नाच्या आधी ‘तेव्हाचा रोग आणि आताचा रोग एकाच नावाचे आहेत ना’ हे विचारावं लागतं. वर्तमानपत्री बातम्यांत हे कधीच विचारलं जात नाही.

ग्लिओब्लास्टोमाच्या सावलीत एक गोष्ट झाकली जाते, ती इथं मुद्दाम विस्तारानं मांडतो, कारण आयुष्य वर्षांनी वाढल्याची उदाहरणं तिथंच आहेत. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हा ग्लिओमाचाच प्रकार. त्याच्या पेशींत पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे ठरावीक तुकडे हरवलेले असतात. अशा उग्र गाठींच्या रुग्णांना रेडिएशनच्या जोडीला पीसीव्ही हा जुना तीन औषधांचा संच दिला, तर मध्यक आयुष्य ७.३ वर्षांवरून १४.७ वर्षांवर गेलं, असं अमेरिकेतल्या एका चाचणीच्या दीर्घ पाठपुराव्यानं २०१३ मध्ये दाखवलं. सौम्य ग्लिओमांच्या दुसऱ्या चाचणीत, २०१६ मध्ये, हाच संच जोडून ७.८ वर्षांचं आयुष्य १३.३ वर्षं झालं. या दोन्ही चाचण्यांचे पहिले निकाल आले तेव्हा एकूण आयुष्यात फायदा दिसलाच नव्हता! दहा-दहा वर्षं वाट पाहिल्यावर तो उमटला. २०२३ मध्ये व्होरासिडेनिब या गोळीनं आयडीएच-बदल असलेल्या सौम्य गाठींची वाढ मध्यकाच्या हिशेबानं ११.१ ऐवजी २७.७ महिने रोखल्याचं प्रसिद्ध झालं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. या गोळीनं एकूण आयुष्य किती वाढेल याचं उत्तर यायला पुन्हा तेवढीच वर्षं जातील.

आता याचा उधन्याशी संबंध काय? खूप आहे. आयडीएच-बदलाच्या गाठी तरुणांत येतात, कमावत्या वयात. आणि त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा ओळखायला लाखाची जनुकचाचणी लागत नाही. पॅथॉलॉजीच्या काचपट्टीवर एक रंग चढवून तो दिसतो. तरीही ‘हाय ग्रेड ग्लिओमा’ एवढ्याच दोन-तीन शब्दांचा रिपोर्ट हातात घेऊन माणसं येतात. चौदा महिन्यांचा रोग आणि चौदा वर्षांचा रोग यांतला फरक त्या काचपट्टीवर आहे, आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅथॉलॉजीवाले ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात तो, प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असतो. तो मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. या पुस्तकातलं एखादंच पान वाचायला सवड असेल, तर ब्लॉक कसा मागायचा ते पान वाचा असं मी सुचवीन.

मुलांच्या मेंदूतल्या गाठींचं दालन वेगळं आहे आणि तिथला सूरही. मेड्युलोब्लास्टोमा हा एकेकाळी मृत्युदंड होता. ऑपरेशन, मेंदू आणि कणा दोन्हींना रेडिएशन, मग केमोथेरपी, या क्रमानं आज सामान्य धोक्याच्या गटातली सुमारे ऐंशी टक्के मुलं पाच वर्षं ओलांडतात. तिथला प्रश्न उलटा झाला आहे : जगलेल्या मुलाची उंची, शाळा, स्मरणशक्ती कशी वाचवायची? राकेश जलाली यांच्या पुढाकारानं टाटामध्ये झालेली एक चाचणी या संदर्भात भारताच्या नावावर जमा आहे. सौम्य गाठींच्या दोनशे मुला-तरुणांत नेम धरून दिलेलं स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन आणि नेहमीचं रेडिएशन यांची तुलना करून, नेमक्या रेडिएशननं बुद्धिमत्ता आणि संप्रेरकं अधिक शाबूत राहतात, असं तिनं २०१७ मध्ये दाखवलं. २०२३ पासून टाटाच्या खारघरच्या केंद्रात प्रोटॉन उपचारही सुरू झाले आहेत. मुलांच्या बाबतीत सुरतेहून मुंबई गाठणं श्रेयस्कर, हे माझं स्पष्ट मत आहे.

प्रौढांच्या बाबतीत मात्र मी तसं म्हणणार नाही. ग्लिओब्लास्टोमाचा प्रमाणित उपचार म्हणजे ३० दिवस, सोमवार ते शुक्रवार, रोज २ ग्रे, एकूण ६० ग्रे, आणि ठरलेल्या मापाची कॅप्सूल. हे सुरतेत होऊ शकतं. तेवढ्यासाठी सहा आठवडे अडीचशे किलोमीटरवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर स्मृतीत जागा मिळेल या भरवशावर, नाहीतर परळच्या फुटपाथवर काढायचे, त्यात बरोबरच्या माणसाची मजुरी बुडवायची, आणि चौथ्या आठवड्यात कंटाळून परत यायचं, यापेक्षा घराजवळ तीसच्या तीस फेऱ्या पूर्ण झालेल्या बऱ्या. मुंबईला जावं ते काचपट्ट्यांवर दुसरं मत घ्यायला, अवघड जागेच्या ऑपरेशनसाठी, एखाद्या चाचणीत सामील व्हायला. काही सहकाऱ्यांना हे मत पटणार नाही, ठाऊक आहे.

खंड पडणं हा या उपचाराचा खरा शत्रू. दिवाळीत लूमचे संचे बंद होतात आणि निम्मं लिंबायत गावाला जातं; लग्नसराईत पुन्हा तेच. मशीन दुरुस्तीला निघतं. प्लेटलेट कमी झाल्या म्हणून कॅप्सूल थांबवतात आणि घरचे समजतात की शेकही थांबला. डोक्याला बसवायचा जाळीचा मास्क सूज वाढल्यानं घट्ट होतो, पुन्हा करावा लागतो. यांतलं काहीच असाध्य नाही, पण प्रत्येकाची आधी कल्पना असावी लागते. वयस्कर किंवा थकलेल्या रुग्णांना सहा आठवड्यांचा आग्रह धरू नये यालाही आता भक्कम आधार आहे. तीन आठवड्यांत ४० ग्रे सहा आठवड्यांच्या तोडीस तोड ठरलं आहे, आणि त्याला टेमोझोलोमाइड जोडल्यावर पासष्टीपुढच्यांचं मध्यक आयुष्य ७.६ वरून ९.३ महिन्यांवर गेल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. फारच अशक्त रुग्णांत पाच फेऱ्यांचा प्रयोगही झालेला आहे. ‘कमी दिलं म्हणजे सोडून दिलं’ हा घरच्यांचा ग्रह काढण्यात डॉक्टरांचा बराच वेळ जातो.

दुसरी फसगत रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयची. कॅप्सूलसह शेक घेतलेल्या काही रुग्णांत पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसते आणि नंतर आपोआप ओसरते. रोग वाढला असं समजून चालू औषध थांबवणं, गावी परतणं, सगळं तिथं घडतं. उपचारांचा प्रतिसाद मोजायच्या, २०१० मध्ये ठरलेल्या रानो निकषांनी या फसव्या वाढीसाठी सबुरीचा नियम घालून दिला. निकष वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला शेक कधी संपला ती तारीख कळली नाही, तर त्याचाही नाइलाज होतो.

पैशाबद्दल बोललंच पाहिजे. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक कॅप्सूलमुळं टेमोझोलोमाइड आपल्याकडं परदेशाच्या मानानं फार स्वस्तात मिळतं. २०१८ पासून आयुष्मान कार्ड आलं; गुजरातनं २०२३ मध्ये त्याची मर्यादा कुटुंबामागं दहा लाखांवर नेली. मात्र ज्याचं रेशनकार्ड अजून तळोद्याचं आणि खोली पांडेसऱ्याची, त्याची गफलत होते : महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायला त्याला तापी उतरून परत जावं लागतं, आणि देशभर चालणारं आयुष्मान कार्ड त्याच्या नावावर आहे की नाही हे त्याला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळतं. बेव्हासिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शनं मागणारे नातेवाईक अनेकदा भेटतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यानं आयुष्य वाढवलेलं नाही. सूज उतरवायला काही वेळा उपयोग होतो, इतकंच. डोक्याला चिकटवायच्या विद्युतक्षेत्राच्या पट्ट्यांनी २०१७ च्या अहवालात मध्यक १६ वरून २०.९ महिने झाला, पण त्यांचा खर्च आणि दिवसाचे अठरा तास मुंडण केलेल्या डोक्यावर ते यंत्र वागवणं आपल्या हवेत आणि खिशात बसत नाही. ‘आमच्याकडं पैसा असता तर’ हा सल ज्यांना टोचतो त्यांच्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी आणि जॉन मकेन दोघांनाही हाच रोग झाला. जगातलं सर्वोत्तम मिळूनही निदानानंतर केनेडी सुमारे पंधरा महिने जगले, मकेन सुमारे तेरा.

म्हणून शुश्रूषेचं पाचवं घराणं मी शेवटी ढकलणार नाही, आणि या पुस्तकानंही ते ढकललेलं नाही. वांद्र्याचं शांती अवेदना १९८६ चं, तरीही आपल्याकडं वेदनाशामक उपचार म्हणजे ‘आता काही उरलं नाही’ असंच समजतात. मेंदूच्या गाठीत वेदनेपेक्षा आकड्या, स्टेरॉइडनं चढणारी साखर, झोप उडणं, आणि माणसाचा स्वभाव बदलणं हे जास्त छळतं. शांत नवरा शिवीगाळ करायला लागतो, हिशेबात चोख असलेली बाई पैसे उधळते, आणि बायको किंवा सून हे गाठीचं लक्षण न समजता नशिबाला बोल लावते. त्यात ‘त्यांना सांगू नका’ ही घरची अट. वाचा जाण्याआधी काय बोलून घ्यायचं, खात्यावर कोणाचं नाव लावायचं, हे प्रश्न त्या अटीखाली दबून जातात.

हे सगळं आत्ताच का मांडायचं? नावं बदलली, चाचण्या स्वस्त झाल्या, यंत्रं शहरात आली, कार्ड आलं. इतकं सगळं एकाच दशकात जमून येणं आपल्या भागात पूर्वी घडलं नव्हतं. तरीही चाचणीतला आकडा आणि लोकसंख्येतला आकडा यांत अंतर राहतं. अमेरिकेतसुद्धा एकूण नोंदींत ग्लिओब्लास्टोमाचे पाच वर्षं जगणारे सात टक्क्यांच्या आसपासच आहेत. आपल्या इथलं अंतर मोजायला माणसं मोजावी लागतील. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत महानगरपालिका तापाचे रुग्ण वॉर्डनिहाय मोजायला शिकली आणि त्या शिस्तीचं देशभर कौतुक झालं. ताप पंधरवड्यात संपतो. मेंदूच्या गाठीचा रुग्ण वर्षानुवर्षं मोजावा लागतो, आणि तो मधल्या काळात साक्रीला नाहीतर शिरपूरला निघून जातो. रुग्णालयाच्या नोंदीत त्याच्यापुढं ‘पाठपुराव्यातून सुटला’ एवढंच राहतं. तो आठव्या महिन्यात गेला की आठव्या वर्षी नातवाला शाळेत पोचवतोय, दोन्ही एकाच रकान्यात.

पुस्तकाचा आवाका या मर्यादेतच समजून घ्यावा. हे पाठ्यपुस्तक नाही, डॉक्टरला पर्याय नाही. फुप्फुसासारख्या दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेल्या दुय्यम गाठी संख्येनं जास्त असल्या तरी त्यांना इथं एकच लेख आहे, कारण तो विषय मूळ कर्करोगाच्या अंगानं जातो. मोबाइल टॉवरनं गाठ होते का, यावर संपादकांनी अर्धं पान दिलं आहे. मी तेवढंही दिलं नसतं. लेखकांत शल्यविशारद, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, परिचारिका आणि रुग्णांच्या घरची माणसं आहेत, आणि त्यांची मतं सगळीकडं जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवून घेतली नाहीत हे चांगलं केलं. उग्र गाठीसाठी दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं का, यावरचे दोन लेख एकापुढं एक ठेवले आहेत. वाचकानं दोन्ही वाचून आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा आहे.

शेवटी एक कोरा तक्ता छापला आहे. पहिल्या आकडीची तारीख, ऑपरेशनची तारीख, ब्लॉकचा क्रमांक आणि तो कुठं आहे, आयडीएच आणि एमजीएमटी तपासलं का, शेक कधी सुरू झाला, किती फेऱ्या झाल्या, किती बुडाल्या आणि कशामुळं, कॅप्सूलचं माप, दर आठवड्याच्या प्लेटलेट. शेजारी गावाकडचा एक आणि सुरतेतला एक असे दोन फोन नंबर. तक्ता फाडून फाईलला लावायचा आहे, म्हणून त्याची मागची बाजू मुद्दाम मोकळी सोडली आहे.